बोटीच्या धक्क्यावर कोण चढलं?

ही माझ्या भाचीची हकीकत आहे. तिने स्वतः मला सांगितली आणि सांगताना ती दोनदा उठून दार बघून आली. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नाही. तुम्ही विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, मी मात्र ठेवलाय.

मागच्या हिवाळ्यातली संध्याकाळ. जागा, बस डेपोच्या मागचं आवार.

भाची परदेशात पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करते. जावई शहरातल्या बसवर ड्रायव्हर. लग्नही तिथेच झालं, त्यामुळे मायदेशी राहिलेल्या सासूबाईंनी सुनेला अजून पाहिलेलं नव्हतं. आणि सासूबाईंची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली होती.

"मला दिसतंय तोवर तिला घेऊन ये रे," एवढंच त्या फोनवर म्हणायच्या.

पण भाचीच्या डाव्या कानाचं मोठं ऑपरेशन झालेलं. तो कान कायमचा गेला. वर डॉक्टरीणबाईंनी विमानही बंद केलं.

मग ठरलं. रस्त्याने जायचं. खंडं ओलांडत, मध्ये एकदा बोटीने, थेट घरापर्यंत.

त्यांनी डेपोतली एक मोडीत निघालेली मिनीबस घेतली. भाचीने तिला पडदे शिवले, गाद्या शिवल्या. आणि तिथून सुरू झाली नुसती कटकट.

एका देशाचा परवाना मिळाला की दुसऱ्याचा नाकारला जायचा. दुसऱ्याचा मिळेपर्यंत पहिल्याची मुदत संपायची. मागवलेला सुटा भाग यायचा तो भलत्याच गाडीचा. बॅटरी तर रुसून बसलेलीच.

"आपण म्हातारे होऊन पोचणार," भाची वैतागून म्हणायची.

"पोचलो तर!" जावई बॉनेट आपटून म्हणायचा.

तरी एक गोष्ट ते रोज करायचे. ड्रायव्हर लोकांना नवा मार्ग मिळाला की ते उभ्या बसमध्ये बसून तो पाठ करतात. एकेक थांबा मोठ्याने म्हणायचा, दाराचा दांडा ओढायचा, दार उघडायचं, बंद करायचं, पुढे. जावयाला हीच सवय. रोज संध्याकाळी दोघं बंद मिनीबसमध्ये बसायची. ती दाराजवळच्या सीटवर, कंडक्टर. बहिरा कान नेमका त्याच्या बाजूला, म्हणून तो ओरडून बोलायचा.

"बोला कंडक्टर!"

"मोठा पूल!"

दार उघड. दार बंद.

"बोटीचा धक्का!"

त्या दिवशी जावई जरा मजेत होता. दार उघडून त्याने बाहेर हाक मारली, "चला चला, आत सरका! घरापर्यंत गाडी जाणार!"

आवारात कोणीच नव्हतं.

तरी… मिनीबस किंचित खाली दबली.

पायरीवर माणूस चढला की दबते ना, तशी.

"स्प्रिंगा गेल्या वाटतं," जावई म्हणाला. "आता तेही बघा!"

भाची पुढचा थांबा सांगणार, इतक्यात तिच्या डाव्या कानात… कोणीतरी बोललं.

"मग?"

ती दचकून वळली. मागे सगळ्या सीटा रिकाम्या.

"तू 'मग' म्हणालास?"

"मी कशाला म्हणू? तू बोल की पुढचं!"

तिला पुढचं आठवेचना.

नंतर रोज तेच. धक्का आला की गाडी दबायची. डाव्या कानात तो आवाज यायचा. शांत, जरा ओलसर. मागच्या सीटवर गादी दबल्याचा आवाज व्हायचा. आणि भाची बोलायची थांबायची. धक्क्याच्या पुढे त्यांची तालीम कधी गेलीच नाही.

ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तपासलं. म्हणाल्या, "त्या कानात ऐकायला काही उरलेलंच नाही."

"मग मला ऐकू कसं येतं?"

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

आणि मग ती संध्याकाळ. परवाना पुन्हा नाकारला गेला होता. जावयाचा पारा चढलेला.

"आज घरापर्यंत जायचं! तुझा कान बोलू दे नाहीतर गाऊ दे. खऱ्या रस्त्यावर कोणी जाऊ देत नाही, निदान तोंडाने तरी पोचू!"

"ओरडू नकोस."

"तुला ऐकू येत नाही म्हणून ओरडतोय!"

"मला नको तेच ऐकू येतंय!" ती रडकुंडीला आली.

तरी बसली दोघं.

पूल झाला. धक्का झाला. गाडी दबली.

"मग?"

तिने डोळे मिटले आणि बोलत सुटली. वाळवंट. खिंड. शेवटची सीमा.

"मग?"

आवाज आता जवळून येत होता. अगदी सीटच्या मागून.

तिने बाकीचं सांगितलं. सासरी जायचा रस्ता नवऱ्याने तिच्याकडून तोंडपाठ करून घेतला होता. नाक्यावरून डावीकडे. गल्लीत तिसरं फाटक, कडी आत हात घालून निघते. तीन पायऱ्या. निळं दार.

"शेवटचा थांबा," जावई सवयीने म्हणाला आणि दांडा ओढला. "उतरा सगळे!"

दार उघडलं.

पायरी करकरली… आणि मिनीबस हळूच वर आली.

हलकी झाली.

भाचीच्या डाव्या कानात पुन्हा पूर्वीसारखी शांतता. तिला हसूच फुटलं. "उतरला रे! गेला!"

जावईही हसला. कित्येक दिवसांनी.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई. तिकडे तेव्हा उजाडत होतं.

"अरे, येणार होतास तर सांगायचं तरी!"

"कुठे येणार होतो आई?"

"पुरे तुझी चेष्टा. आत्ता माझ्या समोरून आत गेलास, हाक मारली तर ओ नाही, म्हणून फोन लावला. मला धड दिसत नाही म्हणून काय झालं? आणि एकटाच कसा? सूनबाई कुठाय?"

जावयाने मागच्या रिकाम्या सीटांकडे वळून पाहिलं.

"आई… मी अजून इथेच आहे."

"मग स्वयंपाकघरात पाणी कोण पितंय?"

जावयाने लगेच आईच्या शेजारच्या काकूंना फोन करून तिकडे पाठवलं. त्यांनी घर पालथं घातलं. कोणी नव्हतं. फक्त त्याच्या जुन्या खोलीतल्या पलंगावरची चादर ओली होती.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच विमानाने गेला. भाचीने त्याची बॅग भरली. ज्या घरी तिला न्यायचं ठरलं होतं, तिथे हा तिला मागे ठेवून निघाला होता. पण अडवणार कशी?

आई दारातच बसली होती. त्याने वाकून नमस्कार केला. तिने त्याचा हात चाचपला, हसली.

"आज बरा गरम लागतोय हात," ती म्हणाली.

तो अजून तिकडेच आहे. आईला एकटं सोडवत नाही. तिला घेऊन परत यायचं म्हटलं तर ती घर सोडत नाही. म्हणते, "तो आत झोपलाय ना, त्याला टाकून कशी येऊ?"

परवाना आला, जावई गेल्यावर पुढच्याच आठवड्यात. इतके दिवस ज्याच्यासाठी डोकं फोडलं, तो आता टेबलावर पडून आहे. गाडी चालवणारा तिकडे, गाडी इकडे. भाचीने दाराचा दांडा पडद्याच्या दोरीने घट्ट बांधून टाकलाय.

परवा सासूबाईंचा फोन आला होता. आता त्यांना फक्त उजेड-अंधार कळतो. भाचीने विचारलं, "आई, कशा आहात?"

"मी मजेत. तू ये लवकर. माझे दोन्ही मुलगे वाट बघतायत तुझी."

ती म्हणते, "मामा, जाऊ का मी?" मी आयुष्यभर लेकरांच्या प्रश्नांना उत्तरं देत आलो. हिला मात्र मी अजून 'जा' म्हटलेलं नाही.

कारण तो फोन तिने उजव्या कानाला धरला होता.

आणि डाव्या कानात… कोणीतरी हळूच विचारलं होतं.

"मग?"