हातावरचा काजवा

डॉ. नलिनी खरोट्यांनी शोधलेल्या उजेडचित्रात निरोगी माणूस काळाकुट्ट दिसायचा आणि रोग तेवढा काजव्यासारखा चमकायचा. आज मिरजेतल्या त्यांच्या प्रयोगशाळेच्या पडद्यावर त्यांचेच यजमान होते, वामनराव. औषधाच्या पहिल्या फेरीनं पोटातला काजवा विझत आला होता. पण डाव्या हातावर नवेच ठिपके लखलखत होते.

"पसरलाय," नलिनीबाई म्हणाल्या. पसरला की औषध बंद, हा नियमही त्यांनीच घातलेला.

सहकारी डॉ. फिरोज मुजावर पडद्याजवळ सरकले. "मॅडम, पेशीकात्री नेमकं काय करते? तुमच्या तोंडून ऐकू द्या."

"मस्करी सुचतेय तुला?"

"थोडी."

"प्रथिन आहे ते. पेशीच्या अंगावर बसते, भोवतालचं जाळं कातरते. गाठीला वाढायला वाट मिळते. आपण उजळवतो ती हीच कात्री."

"फक्त गाठीवरच असते?"

"भरणाऱ्या जखमेवरही. पण यांना जखम कुठली..." बाई थांबल्या. ऐन उन्हाळ्यात वामनराव आठवडाभर लांब बाह्यांचा सदरा घालून हिंडत होते.

फिरोजनी चित्र आडवं फिरवलं. "रोगाला कधी शिरोरेषा असते का?"

वर ठिपक्यांची सरळ रेघ, खाली दोन अक्षरं. नलू.

वामनरावांना आत बोलावलं. ते शाळेत उभं केल्यासारखे उभे राहिले.

"तपासणीआधी सुईसुद्धा टोचून घ्यायची नाही, सांगितलं होतं ना अहो?"

"जत्रेत गोंदणारी बसली होती. आई म्हणायची, माणसाबरोबर वर जाणारा दागिना हा एकच. म्हटलं, राहून जायला नको."

"नाव बायका गोंदवतात. नवऱ्याचं."

"तू कुठं गोंदवलंस? मग घरातल्या कुणीतरी नको का?"

बाईंनी चष्मा पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. "फिरोज, उद्याची फेरी पुढच्या आठवड्यात घे. खपल्या पडू देत."

"पसरलेलं नाही, मग थांबायचं कशाला?"

"औषध कात्री दिसेल तिथं धावतं. त्याला गाठ कळत नाही आणि नावही कळत नाही. पोटातला काजवा आता आठवडाभर दम धरेल."

वामनराव पडद्याकडे बघत होते. "म्हणजे पुढच्या चित्रात तू दिसणार नाहीस?"

"नाही. बरं झालेलं काही त्यात दिसतच नाही." बाई त्यांच्या बाहीचं बटण काढू लागल्या. "हात इकडं करा. नुसत्या डोळ्यांनी बघू द्या मला."