एकेचाळीस श्वास

दोन वाजेपर्यंत गाणं पाठवायचं होतं आणि रॉक गायकाचं समाधान काही होत नव्हतं. स्टुडिओत सगळे त्याला भोंगा म्हणत, अर्थात पाठीमागे. द्वंद्वगीत होतं: एक ओळ त्याच्या घोगऱ्या आवाजात, पुढची ऑपेरा गाणाऱ्या बाईंच्या. त्या बाई म्हणजे रेकॉर्डिस्टची सख्खी थोरली बहीण. सहा वर्षं आजारपणात गेल्यावर ताईचं हे पहिलंच गाणं. भोंग्याचं बिनसलं तर तिचा आवाज गाण्यातून जाणार, म्हणून रेकॉर्डिस्ट बिचारा सकाळपासून त्याच्या नाकदुऱ्या काढत होता.

ताई कालच गाऊन गेली होती. गाण्याच्या खोलीची काच तिच्या श्वासाने धुरकट झाली, तेव्हा लहानपणीसारखं तिने त्यावर बोटाने ‘ढब्बू’ लिहिलं. हे धाकट्या भावाचं घरातलं नाव.

“तिचे श्वास काढ,” भोंगा म्हणाला. “माझ्या मानेशी कुणी उभं आहे असं वाटतं.”

“कमी केलेत की.”

“कमी नको. एकूण एक काढ.”

“आणि तुमचे?”

“माझी ती स्टाईल आहे.”

रेकॉर्डिस्टच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने ताईचा एकेक श्वास शोधून कापला. एकेचाळीस भरले. मूळ आवाजाची प्रत आधी बाजूला ठेवायची, हा त्याचा वीस वर्षांचा नेम. पण आज वैतागाच्या भरात त्याने मूळ फाईलवरच सेव्ह केलं आणि गाणं पाठवून दिलं. भोंगा “आता कसं!” म्हणत निघून गेला. एकदाची ब्याद टळली.

पाचेक मिनिटांत ताई दारात उभी.

“लिफ्ट बंद आहे रे. पाच मजले चढले, पण धाप म्हणून लागली नाही. डॉक्टरांना सांगायला हवं. झालं का गाणं, ऐकव ना.”

त्याला फार बरं वाटलं. तिला खुर्ची देऊन तो ऐकत राहिला. ती बोलतच होती, जिन्याबद्दल, शेजारणीबद्दल.

मग त्याच्या कानाला काहीतरी खटकलं.

तिच्या दोन वाक्यांमध्ये काहीच नव्हतं. कापल्यावर उरते, तशी कोरी शांतता.

त्याने घाईघाईने फाईल उघडली. कापलेलं परत आणायला वाट नव्हती.

“ताई, बरी आहेस ना?”

“मला काय धाड भरलीय?” ती हसली. हसूही मध्ये कुठे थांबलं नाही.

तो कीबोर्ड बडवत राहिला. त्याचा रडका चेहरा पाहून ताई त्याला हसवायला काचेपलीकडे गेली. काचेला तोंड लावून तिने मोठ्ठा ‘हा’ केला आणि बोटाने लिहू लागली.

काच लख्ख कोरडी होती.

तिने बोटाकडे पाहिलं आणि पुन्हा तोंड लावलं.