बंपरमागचा फिल्टर

हे मी रचलेलं नाही. वाचून झाल्यावर कुणी खाली 'कल्पना छान आहे' असं लिहू नये, एवढीच विनंती.

ज्याला खात्री करायची असेल त्याने पनवेलला यावं. मी त्याला कल्पेशच्या गॅरेजवर नेईन. यातलं अर्धं त्यानेही स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

माझं नाव इंद्रजीत. करंजाड्याला राहतो. न्हावा शेव्याहून सुटणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं करणाऱ्या एका ऑफिसात नोकरीला आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना. गुरुवार. दुपारचे चार वाजले होते.

पण आधी ताईबद्दल सांगतो.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि माधुरीताई वीस वर्षांची. वडील त्याच्या आधीच गेले होते. ताई शाळेत शिक्षिका म्हणून लागली आणि तिने मला वाढवलं. तिला स्थळं यायची. "इंदरची दहावी होऊ दे," म्हणायची. मग बारावी. मग कॉलेज.

मग स्थळं यायची बंद झाली.

ताईला दमा होता. लहानपणी आम्ही एकाच खोलीत झोपायचो. तिचा श्वास आत जाताना बारीक शिट्टी वाजायची. मग तो मध्येच अडायचा. मग दोन तुकड्यांत बाहेर यायचा. तो अडला की मी अंधारात डोळे उघडे ठेवून वाट बघायचो. बाहेर आला की मग झोपायचो.

दम्याचा पंप तोंडात मारला की ती श्वास धरून ठेवायची आणि मांडीवर बोटांनी दहा मोजायची. मोजताना माझ्याकडे बघून हसायची. मी घाबरू नये म्हणून.

आता गाडीबद्दल.

मी एक जुनी गाडी घेतली होती. तिचं मला वेड लागलं होतं. व्हिडिओ बघून बघून एक दिवस मी इंजिनच्या हवेचा तो फिल्टर मागवला. उघडा, गोल, लाल रंगाचा. सोबत चकचकीत लांब पाइप. इंजिनला थंड, मोकळी हवा मिळते, आवाजही दमदार येतो, असं सगळे सांगत होते.

कल्पेशने तो हातात घेऊन उलटसुलट केला.

"दादा, यो नका लावू."

"का रे?"

"कंपनीचा फिल्टर वर असतो, डब्यात बंद. यो खाली येतंय, बंपरच्या मागं. पाण्यात बुडला तर इंजिन हवा नाय ओढणार, पाणी ओढील."

"मी काय नदीत गाडी घालणार आहे का?"

"नदी कशाला पायजे? गुडघाभर पाणी बस हाय."

मी हसलो. त्याने लावून दिला. वर म्हणाला, "जूनच्या आधी घेऊन या. कंपनीचा परत बसवून देतो. अर्ध्या तासाचं काम हाय."

जूनमध्ये त्याचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी म्हणालो, या रविवारी नक्की.

पहिल्यांदा गाडीत बसली तेव्हा ताई तो आवाज ऐकत राहिली होती. मी ॲक्सिलरेटर दाबला की पुढून हवा ओढल्याचा आवाज यायचा. ती म्हणाली, "इंदर, तुझ्या गाडीलापण माझ्यासारखाच दमा आहे का रे?"

त्या गुरुवारी साडेतीनला तिचा शाळेतून फोन आला.

"येतोस का?" एवढंच म्हणाली. पुढचं वाक्य तिला जमलं नाही.

मी गेलो. ती शाळेच्या फाटकाशी, शिपायाच्या स्टुलावर बसली होती. ओठ निळसर झाले होते. पंप हातातच होता. चार वेळा मारून झाला होता. तिला गाडीत बसवलं आणि हॉस्पिटलकडे निघालो. एरवी दहा मिनिटांचा रस्ता.

पाऊस असा होता की वायपर फिरूनही समोरचं दिसत नव्हतं.

मध्ये रेल्वेखालून जाणारा रस्ता लागतो. तिथे पाणी साचलं होतं. माझ्या पुढची रिक्षा पाण्यात उतरली आणि पलीकडे निघून गेली. मी खिडकीतून बघितलं. पाणी तिच्या चाकाच्या अर्ध्यापर्यंतच होतं.

मी गाडी घातली.

मधोमध पोचलो असेन. पुढून एक घुटका घेतल्यासारखा आवाज आला...

आणि खट.

गाडीने गचका नाही दिला, धूर नाही. एकदम बंद.

मी परत चावी मारली. नुसतं टक. परत मारली. पुढून काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

ताईने माझ्या मनगटावर हात ठेवला. "राहू दे... चालत..."

मागून एक जुनी व्हॅन आली. मी हात केला, पण काचांवर वाफ धरलेली होती. तिच्या ड्रायव्हरला मी दिसलो नसेन. ती आमच्या बाजूने पाणी उडवत आरामात पलीकडे गेली. साधी व्हॅन. कंपनीचाच फिल्टर असलेली.

मी ताईला पाठीवर घेतलं. ती इतकी हलकी कधी झाली होती, मला माहीत नव्हतं. लहानपणी ती मला असं घेऊन दवाखान्यात जायची.

पाण्यातून चालताना तिची हनुवटी माझ्या खांद्यावर होती. श्वास मानेला लागत होता. आत शिट्टी. अडला. दोन तुकडे. मी मोठ्याने बोलत होतो, "आलंच ताई, आलंच." शंभरेक पावलांवर एक रिक्षा उभी होती. तिच्यापाशी पोचलो, ताईला सीटवर ठेवायला वळलो...

मानेला काहीच लागत नव्हतं.

तो कधी थांबला, मला कळलं नाही. लहानपणापासून ज्याची मी वाट बघत पडायचो, तो शेवटचा श्वास माझ्या मानेवर आला आणि मी बोलत होतो.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "दहा मिनिटं आधी आणलं असतंत तर..."

पंप गाडीतच राहिला होता.

गाडी टो करून कल्पेशकडे नेली. त्याने इंजिन बाहेर काढून खोललं. तिसऱ्या दिवशी मला एकच सांगितलं. "हवा दाबली जाते दादा, पाणी नाय दाबलं जात. पिस्टन पाण्यावर आपटला. रॉड वाकलाय." मी इतके दिवस ऐकलं नाही, यावर तो एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, भंगारात दे. तो हो म्हणाला.

मग पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. दुपारचे चार वाजले होते. बाहेर पाऊस.

"दादा, जरा येऊन जाता?"

"काय झालं?"

"गाडीचं नाय... तुमी येऊन ऐका. मी सांगितलं तर तुमाला राग येईल."

मी गेलो. गॅरेजच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथे माझी गाडी उभी होती. बॉनेट उघडं. आत इंजिनच्या जागी नुसता खड्डा. फक्त तो चकचकीत पाइप लटकत होता. एका टोकाला लाल फिल्टर. दुसरं टोक उघडं, कशालाच न जोडलेलं.

कल्पेश शेडच्या बाहेर पावसात उभा राहिला. आत यायला तयार नव्हता.

"चार दिवस झाले. पाऊस लागला का सुरू होतंय," तो म्हणाला.

मी ऐकू लागलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. दुसरं काही नाही.

आणि मग पाइपमधून...

बारीक शिट्टी.

आत गेली.

अडली.

मी उभा राहिलो. किती वेळ, माहीत नाही.

मग दोन तुकड्यांत बाहेर आली.

वाऱ्याचा आवाज असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो. जवळ गेलो आणि पाइपच्या उघड्या तोंडावर तळहात धरला.

आधी हात आत ओढला गेला...

मग हाताला वाफ लागली. कोमट. ओलसर.

"ताई," मी म्हणालो.

शिट्टी वाढली. आता श्वास भरभर येत होता, तोकडा, धाप लागल्यासारखा. पाण्यातून चालताना माझ्या मानेला लागत होता, अगदी तसा.

मी गाडीचं दार उघडलं. पंप सीटखाली पडला होता. त्यावर चिखलाची पुटं चढली होती. शर्टाला पुसला, हलवला. चालेल की नाही, माहीत नव्हतं. दोन्ही हातांनी घट्ट धरला.

पाइपच्या तोंडाशी धरून मी पंप दाबला. एकदा. थांबून परत एकदा.

श्वास आत गेला.

आणि धरून ठेवला गेला...

बॉनेटच्या पत्र्यावर, माझ्या हाताजवळ, काहीतरी अगदी हलकेच वाजू लागलं. टक. टक. टक. बोटाच्या टोकाने वाजवावं तसं.

मी मोजलं. दहा झाले.

मग एकच श्वास बाहेर आला. लांब. सलग. मध्ये कुठेही न अडता.

त्यानंतर पाइप गप्प झाला.

मी तिथेच चिखलात बसलो आणि रडलो. हॉस्पिटलमध्ये रडलो नव्हतो, स्मशानात नव्हतो. कल्पेश आत आला, माझ्या शेजारी उकिडवा बसला. मग म्हणाला, "गेल्या आता. मोकळ्या झाल्या."

मलाही तसंच वाटलं. खरंच वाटलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती इथे लिहिली नसती. मनात ठेवली असती.

यंदा जूनच्या शेवटी मी ऑफिसच्या बसमधून घरी येत होतो. संध्याकाळचे सहा. धो धो पाऊस. सिग्नलला बस थांबली. मी दाराजवळच्या सीटवर बसलो होतो. शेजारी एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली. एक मुलगी चालवत होती, एकटीच. पंचविशीची असेल.

तिने ॲक्सिलरेटर जरा दाबला. तिच्या बंपरमागून हवा ओढल्याचा आवाज आला. तसलाच फिल्टर. हल्ली बरेच जण लावतात.

तिने पाय काढला. गाडीचा आवाज खाली आला...

पण शिट्टी चालूच राहिली.

आत गेली.

अडली.

मी ड्रायव्हरला दार उघडायला लावलं आणि उतरलो. तिची काच वाजवली. "मॅडम, हा फिल्टर कुठून घेतला? जुना घेतला का?" ती घाबरली. एक भिजलेला, रडवेला माणूस काचेवर हात आपटतोय, कोण घाबरणार नाही? तिने मान हलवली आणि समोर बघत राहिली.

"पाण्यात घालू नका," मी ओरडलो. "काहीही झालं तरी पाण्यात घालू नका."

सिग्नल सुटला. ती रेल्वेखालच्या रस्त्याच्या दिशेने वळली.

मी मागे धावलो. बसवाला हॉर्न देत होता. वळणापर्यंत पोचलो तेव्हा पुढे नुसते लाल दिवे दिसत होते, पाण्यात पसरलेले. त्यातली तिची गाडी कुठली, ते कळेना.

कल्पेशला त्याच रात्री विचारलं. तो म्हणाला, "गाडीबरोबर सगळंच भंगारवाल्याला दिलं दादा. पाइप चांगला होता. त्यानं कुणाला इकला आसंल तर मला नाय माहीत."

दुसऱ्या दिवशी मी पेपर बघितला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. काही आलं नव्हतं. म्हणजे ती सुखरूप घरी पोचली असेल, असं मी स्वतःला सांगतो.

ताई मोकळी झाली की नाही, तेही मला सांगता येत नाही. माझ्या हाताशी तिने तो लांब श्वास सोडला, हे खरं आहे. आणि त्या सिग्नलला मी जे ऐकलं, तेही खरं आहे.

एवढं सगळं केलं मी. बसमधून उतरलो, ओरडलो, धावलो.

गाडीचा नंबर बघायचा राहिला.