एका गोधडीच्या एकतीस ऑर्डरी

गोधडीची उलटी बाजू बघणारं गिऱ्हाईक मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

नारायणगडावर आषाढीची यात्रा होती. वाटेच्या कडेला ताडपत्री टाकून मी आमच्या गोधड्या मांडल्या होत्या. भुरभुर पाऊस आला, मी घाईघाईनं प्लास्टिक ओढायला लागले, तर दुसरं टोक कुणीतरी आधीच धरलेलं. उंच, सावळा, चष्म्यावर थेंबच थेंब. एका हातात प्लास्टिक, आणि दुसऱ्या हातानं हा माणूस हिरव्या गोधडीचा कोपरा उलटा करून टाके बघत होता.

"घ्यायची असंल तर हात लावा," मी म्हटलं.

"घ्यायची न्हाई. विकायची हाय."

"माझी गोधडी मलाच विकता?"

"तुमाला कावून? पुण्याला विकू, नाशकाला विकू. नाव काय तुमचं?"

"सत्यशीला."

"बापरे! म्हंजे भाव खराच सांगत असणार."

"भाव खरा सांगते. आन् रिकामटेकड्यांना रस्ताबी खराच दाखवते."

तो हसला. चष्मा पुसायला म्हणून त्यानं हात सोडला, प्लास्टिक उडालं आणि आम्ही दोघंही चिंब झालो. गोधड्या कशाबशा पोटाशी धरून मी त्याला अशा काही शिव्या घातल्या, की शेजारचा बत्तासेवालासुद्धा गप्प झाला.

त्याचं नाव अभिमन्यू. गाव सिरसाळा, खोली बीडला. लोणचीवाले, मसालेवाले, डबेवाले, ज्यांचं दुकान गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नसतं, अशांना तो इंटरनेटवर दुकान काढून द्यायचा. आमचंही काढून देतो म्हणाला, आणि त्यासाठी तलवाड्याला आमच्या घरी खेपा घालायला लागला. एकदा फोटोला ऊन कमी पडलं. एकदा ऊन होतं, पण मोबाइल चार्ज नव्हता. एकदा तर नुसता आमचा पिनकोड विचारायला तो बीडहून मोटारसायकल हाणत आला.

"पिनकोड फोनवर सांगता आला असता," मी म्हटलं.

"फोनवर चहा मिळत न्हाई."

"अभिमन्यू म्हंजे ज्याला आत शिरता येतं पण बाहेर पडता येत न्हाई, त्योच ना?"

"बाहेर पडायचंय कुणाला..." तो लॅपटॉपकडे बघतच म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

मला तो आवडायला लागला होता. लपवून काय करू? मोटारसायकलचा आवाज आला की मी आधी केस सारखे करायचे आणि मग चिडल्यासारखा चेहरा करून दारात यायचे. पण माझा खरा जीव अडकला होता दुसऱ्याच गोष्टीत. आईत.

माझी आई, छबुबाई, दिवाळी झाली की ऊस तोडायला जाते. तोडीवर जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात. वडील गेल्यापासून आई अर्धा कोयता म्हणून जाते. मी सहा वर्षांची होते तेव्हापासून मला अर्धं वर्ष आई असते आणि अर्धं वर्ष नसते. मी पहिल्यांदा बाजूला बसले तेव्हा ती कर्नाटकात कुठल्याशा फडात होती. बारावीच्या पेपराला निघाले तेव्हा हातावर दही ठेवायला शेजारच्या मनकर्णामावशी आल्या होत्या... त्या वर्षी त्यांचा मुलगा आजारी होता म्हणून त्या घरी होत्या, एवढंच. यंदा आईचा डावा गुडघा वाकेनासा झाला होता, तरी तिचं बोचकं बांधायचं चालूच होतं.

दसऱ्याला मी हट्टालाच पेटले, तेव्हा आईनं सुई खाली ठेवली.

"हे बघ. मी, मनकर्णा आन् तिघी, आमी पाच जणी. पाची अर्धे कोयते. एकीच्या हातनं हंगामात चार गोधड्या व्हत्यात. वीस गोधड्यांचं काम दाव, आमी पाची जणी थांबतो. न्हाई दावलंस तर ट्रकात बसतो. मग रडायचं न्हाई."

"वीस?" अभिमन्यू म्हणाला. "वीस तर चार दिसांत आणतो."

मी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता. मी त्याच्यावर भरवसा ठेवला.

दिवाळीनंतरच्या शुक्रवारी आमचं दुकान इंटरनेटवर उघडलं. ट्रक मंगळवारी सकाळी सुटणार होता. सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला अभिमन्यू पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा.

"एकतीस!" तो ओरडला. "एकतीस ऑर्डरी!"

मनकर्णामावशींनी तिथल्या तिथं आपल्या बोचक्याची गाठ सोडली. आईनं नुसते डोळे पुसले. मी हसत हसत त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि यादी वाचायला लागले. हिरवी गोधडी, कोल्हापूर. हिरवी गोधडी, ठाणे. हिरवी गोधडी, पुणे. हिरवी गोधडी...

"अभिमन्यू, बाकीच्या कुठं हायत?"

"बाकीचे फोटो चढवायचे राहिलेत. सध्या ही एकच..." बोलता बोलता तो थांबला. त्यानं मोबाइल परत घेतला, बोटानं वर-खाली केलं आणि त्याचा चेहरा उतरला.

साठ्याच्या रकान्यात पन्नासचा आकडा होता.

"डबेवाल्याच्या दुकानाचा नमुना व्हता," तो हळूच म्हणाला. "त्योच उचलून हितं लावला. तिथं एकासारखे एक पन्नास डबे असत्यात."

"ही गोधडी हाय, डबा न्हाई!" माझा आवाज चढला. "मनकर्णामावशीच्या सासूचं लुगडं हाय त्यात. एका लुगड्याची एकच झाली. तसलं दुसरं कुठून आणायचं आता?"

मनकर्णामावशींनी बोचकं जवळ ओढलं आणि गाठ परत मारली. ती गाठ मारताना त्यांनी कुणाकडेच बघितलं नाही.

"तुझ्यामुळं माझी आई जाईल," मी म्हटलं. "ऊठ. जा हितनं."

"जातो. पण आदी एकतीस जणांना फोन लावतो. चूक माझी हाय, मीच सांगणार."

"आन् काय सांगणार? गोधडी न्हाई म्हणून?"

आई एवढा वेळ शिवतच होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्यांच्या घरात जुनी लुगडी नसत्यात व्हय? आईचं, आजीचं. म्हणावं, पाठवा. आमी त्याची शिवून देतो. आन् फोन मोठ्यानं लाव, मला ऐकू दे."

अभिमन्यू भिंतीला टेकून बसला. त्यानं स्पीकर लावला आणि पहिला नंबर फिरवला. मी खडू घेऊन भिंतीशी उभी राहिले. एका होकाराला एक रेघ. त्याच्याशी बोलायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

ठाण्याच्या माणसानं त्याला पोटभर सुनावलं. कोल्हापूरच्या बाईंनी अर्ध्यातच फोन ठेवला. पुण्याची एक मुलगी म्हणाली, "आईची साडी नाहीये. वडिलांचं धोतर चालेल?"

"चालंल की, बाळा!" आई इथूनच ओरडली.

प्रत्येक वेळी त्याचं पहिलं वाक्य एकच होतं. 'चूक माझी हाय, त्या बायकांची न्हाई.' दहाव्या फोननंतर त्याचा आवाज बसला. मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं आपटला. त्यानं वर बघितलं, मी दुसरीकडे.

दुपारी तीनला भिंतीवर एकोणीस रेघा होत्या. नंबर दोन उरले होते. एक बंद लागत होता, दुसरा नुसता वाजत होता. तेवढ्यात ऊसतोडीची टोळी नेणारे सुंदरराव मुकादम आले. माणूस वाईट नव्हता. दारातच उभे राहिले.

"छबुबाई, ट्रक सकाळी सातला सुटतोय. तुमच्या पाच जागा धरू का सोडू?"

आईनं भिंतीकडे बघितलं. मला तिचा स्वभाव माहीत होता. वीस म्हणजे वीस.

अभिमन्यू माझ्या जवळ सरकला आणि कुजबुजला, "इसावी माझ्या नावावर टाक. माझ्या आईचं लुगडं आणतो. कुणाला कळणार हाय?"

"मला कळंल," मी म्हटलं. "दयेची रेघ मी भिंतीवर वडणार न्हाई. परत लाव फोन."

त्यानं परत लावला. पाच वेळा वाजला, सहा वेळा वाजला... आणि उचलला. सांगलीच्या मंगलताई, आवाजावरूनच शाळेतल्या बाई वाटाव्यात अशा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एक गोधडी एकतीस जणांना विकता? आणि तुम्ही कोण त्यांचे?"

"मी वेबसाइट बनवणारा."

"चूक तुमची, ती तुम्ही कबूल केलीत. ऑर्डर रद्द करा, विषय संपला. एवढी गळ कशाला घालताय? तुमचं काय जातंय?"

अभिमन्यू बोलायला लागला, पण फोनकडे बघून नव्हे. माझ्याकडे बघून.

"माझं लई जातंय, बाई. हितं एक मुलगी हाय. तिची आई दरसाल ऊस तोडायला जाती. यंदा जाऊ नये म्हणून तिनं माझ्यावर भरवसा टाकला, आन् मी एका रकान्यात आकडा नीट भरला न्हाई. तुमी नको म्हणलात तर ती परत माझं तोंड बघायची न्हाई. आन् मला... मला तिला बघितल्याबिगर करमत न्हाई. चार म्हैने झाले."

मनकर्णामावशींनी पदर तोंडाला लावला. सुंदरराव आपल्या चपलांकडे बघायला लागले. आईची सुई थांबली. आणि मी? खडू हातात घट्ट धरून उभी होते.

"ती मुलगी तिथं आहे?" फोनमधून आवाज आला.

"आहे," मी कसंबसं म्हटलं.

"खरं बोलतोय का हा?"

सकाळपासूनचा राग अजून गेला नव्हता. पण खोटं कसं बोलू...

"वेंधळा आहे, बाई. चुका करतो. पण खोटं नाही बोलत."

"मी साडी पाठवीन, तीही याच्या वेंधळेपणात हरवायची."

"साडीला हात लावायचा नाही त्यानं. शिवणार आम्ही."

"आणि याचं काय करणार? ठेवणार की काढून टाकणार?"

"ठेवणार," मी पटकन बोलून गेले, आणि मग काय बोलले ते माझ्या लक्षात आलं.

पलीकडे मंगलताई खळखळून हसल्या. "आईची इरकल सात वर्षं कपाटात पडून आहे माझ्याकडे. बघवतही नाही, टाकवतही नाही. पत्ता सांग."

मी पत्ता सांगितला. विसावी रेघ ओढताना खडूचे दोन तुकडे झाले.

"सुंदरराव," आई म्हणाली, "आमच्या पाची जागा सोडा."

"सोडल्या," ते म्हणाले. "गुडघा जपा, छबुबाई."

अभिमन्यू मोटारसायकलीला किल्ली लावत होता तेव्हा मी बाहेर गेले. तो उगाच आरसा पुसत बसला.

"रकाना नीट केलाय," तो म्हणाला. "साठा एक."

"आन् फोनवर जे बोललास ते?"

"ते बी... खरंच हाय."

"सांगलीच्या बाईला सांगून भागतंय व्हय? मला कोण सांगणार?"

त्यानं चष्मा काढला, परत घातला.

"सत्यशीला, मला तू लई आवडतीस."

"मला बी तू आवडतोस," मी म्हटलं. "पण मी लई चिडते, सांगून ठेवते."

"सकाळी बघितलं की."

मी हसले. घरातून मनकर्णामावशींचं मोठ्यानं बोलणं ऐकू येत होतं. आई बोचक्यातून ताट-वाटी काढून परत मांडणीवर लावत होती.

"ऐतवारी आईला घिऊन ये," मी म्हटलं.

"कुणाच्या?"

"तुझ्या, वेंधळ्या! माझी आई..." डोळे भरून आले, तरी मी ते वाक्य पुरं केलं. "माझी आई हाय की हितंच. यंदा हितंच हाय."