मागच्या भिंतीवरची फुलं

सकाळी दहाला वीज गेली आणि लाँड्रीतली सगळी यंत्रं एकदम गप्प झाली. संध्याकाळपर्यंत येणार नाही, असा निरोप आला. बाया कपड्यांच्या गाठोड्यांवर बसून गप्पांना लागल्या. थोरली मात्र मागचं दार उघडून बाहेर गेली. चादरींच्या घड्या घालता घालता अकरा वर्षं सरली होती, पण मागे काय आहे हे तिने कधी धड पाहिलं नव्हतं.

समोर सांडपाण्याची नाली. पलीकडची कुंपणाची भिंत वेलीने पार झाकलेली, आणि वेलीवर पांढरी फुलं, बोटाएवढी, पातळ, उजेड आतूनच येतोय अशी. थोरलीला हलवेना. धाकटीला दाखवायला हवं, असं तिच्या मनात आलं.

धाकटी तिची जाऊ. इस्त्रीवर होती. बाया वाऱ्याला बाहेर जातात म्हणून सुपरवायझरने याच दाराला कुलूप ठोकलं, आणि दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ती इस्त्रीपाशीच कोसळली. किल्ली सापडेपर्यंत संपली होती. चौकशीत तो म्हणाला, "दार उघडंच होतं."

मग थोरलीच्या ध्यानात आलं. ऊन उजवीकडून येत होतं आणि फुलं डावीकडे बघत होती, सुपरवायझरच्या खिडकीकडे. तेवढ्यात तो उठून दुसऱ्या टोकाच्या खिडकीशी गेला.

वारा नव्हता. सगळी फुलं सावकाश तिकडे वळली.

थोरली घाबरली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने मोकळा श्वास घेतला. ती आत गेली.

"साहेब, मागे या जरा. बघण्यासारखं आहे."

"काय?"

"फुलं."

तो हसला, पण रिकामा बसून तोही कंटाळला होता. चुरगळल्या शर्टात जांभई देत आला आणि नालीपर्यंत गेला.

"छानच की. कधी लागली ही?"

थोरलीने आतून दार ओढून कडी घातली.

थाप पडली. "ए, दार उघड."

"उघडंच आहे, साहेब."

दुसरी थाप पडली नाही. फटीतून तापल्या ओल्या कापडाचा वास आला. थोरलीचा हात कडीवर होता. तो तिने तसाच ठेवला.

वास विरल्यावर तिने दार उघडलं.

तो भिंतीला टेकून बसला होता. डोळे उघडे, श्वास नाही. अंगावर ओरखडाही नव्हता.

फक्त अंगातल्या शर्टाला नुकतीच कडक इस्त्री झाली होती. कॉलर, खिसा, बाह्यांवरची धार, सगळं नीट. तिने बाहीला बोट लावलं.

कापड अजून गरम होतं.