येताना थांबतो

ही गोष्ट खरी आहे. शमुवेल मास्तर माझ्या आईचे मामा. ते मिशनचे उपदेशक, त्यामुळे भुतांवर विश्वास ठेवायची त्यांना परवानगीच नव्हती.

साल एकोणीसशे सेहेचाळीस. वैशाख. तासगावच्या वाटेवरचा कोरडा ओढा.

पटकीची साथ होती. गावं ओस पाडून माणसं रानात झोपड्या घालून राहिली होती.

भर बाराला मास्तर सायकलवरून तासगावला निघाले होते. एक वाजता प्रार्थनासभा. उपदेशाचा विषय : वाटेत पडलेल्यासाठी थांबा.

ओढ्याकाठी बाभळीखाली एक म्हातारी पडली होती. माणदेशाकडची धनगरीण. पटकी झाली म्हणून तिची माणसं तिला टाकून मेंढरांसह पुढं गेलेली.

"दादा... पानी..."

सायकलला पाण्यानं भरलेला, फिरकीच्या झाकणाचा तांब्या अडकवलेला होता. पण पाणी पाजलं की मग तिला सोडून जायचं कसं? सभा बुडाली असती.

"येताना थांबतो हं, आजी."

सभा उत्तम झाली. मास्तर सव्वा तास बोलले. बायका रडल्या. मग चहा झाला, ऊन उतरेपर्यंत गप्पा झाल्या.

परतताना दिवस मावळत होता. ओढ्यात एकही पाखरू बोलत नव्हतं.

म्हातारी तिथंच होती... बसलेली.

"लय येळ केलास रं, दादा."

मास्तरांनी तांब्या तिच्या तोंडाला लावला.

घट्... घट्... घट्...

तांब्या रिकामा झाला. आवाज मात्र थांबेना.

"आवं मास्तर, कुनाला पानी पाजताय?"

मागं जवळच्याच वस्तीवरचा कृष्णात नावाचा गडी उभा होता. खांद्यावर कुदळ.

मास्तरांनी वळून पाहिलं... बाभळीखाली कुणीच नव्हतं. नुसती ताजी उकरलेली माती.

"हितं एक धनगरीण मरून पडल्याली. आमीच पुरली."

भूत दिसलं की माणूस देवाचा धावा करतो. मास्तरांनीही केला. मागणं तेवढं वेगळं होतं... देवा, दुपारीसुद्धा ती भूतच असू दे.

"कधी गेली ती?"

"काय ठावं? तीनाला आमी आलो, तवा गार हुती."

"गार म्हणजे किती गार? कालची, की आजची?"

"मढं हाय मास्तर, भाकरी न्हाई शिळी-ताजी वळखाया."

तेवढ्यात मातीखालून...

घट्... घट्...

कृष्णात कुदळ टाकून पळाला.

मास्तर पळाले नाहीत. मातीवर ओणवे होऊन विचारत राहिले, "आजी, दुपारी तू जिवंत होतीस का गं?"

आवाज थांबला.



मास्तर चौऱ्याऐंशी वर्षं जगले. गोष्ट सांगून झाली, की आम्हालाच विचारायचे, "तुम्हाला काय वाटतं रे? दुपारी ती..."

"भूतच होती, आजोबा," आम्ही एका सुरात म्हणायचो.

मी शिकलेला माणूस. भुताखेतांवर माझा विश्वास नाही.

तरी त्या प्रश्नाला दुसरं उत्तर द्यायची माझी अजून छाती होत नाही.