दोन वाजता दाबलेलं बटण

जिन्यात तिनं त्याला अडवलं तेव्हा तिला धाप लागली होती. जुन्या पद्धतीची सिरीयल केबल हवी होती आणि अख्ख्या इमारतीत कुणाकडं नव्हती. टेस्टिंगमधल्या शंकासुराकडं मिळेल, असं तिला सांगितलं होतं.

"तो शंकासुर बसतो कुठं?"

"मीच तो," तो म्हणाला. तिनं जीभ चावली.

त्या गोष्टीला तीन आठवडे झाले. ती कर्नल, म्हणजे मशीन चालवणारा सगळ्यात आतला प्रोग्रॅम, लिहीत होती. मशीनवर दुसरं काहीच नाही, ना चित्रं, ना माऊस, नुसता गाभा. त्या गाभ्यातच तिनं कोड लिहिणारा एआय मदतनीस बसवला होता. एरवी एखादा प्रोग्रॅम कोसळला तर कर्नल सावरून घेतो. इथं मदतनीस चुकला की अख्खं मशीन बंद. ते तपासून पास-नापासची सही करायचं काम त्याच्याकडं आलं, आणि तो रोज तिच्या शेजारी बसू लागला. त्याच्या वहिनीनं घरी विचारलंसुद्धा, डबा दोघांचा भरू का म्हणून. पण जेवायला चला असं त्यानं दोनदा म्हटलं, आणि दोन्ही वेळा तिला काम निघालं.

आज चार वाजता मोठे साहेब बघायला येणार होते. चाललं तर काम पुढं. नाही तर टीम मोडणार, आणि सोमवारपासून ती दुसऱ्या शहरात.

दोन वाजता ती पाणी आणायला गेली. पडद्यावर मदतनिसाचा प्रश्न आला : ही फाइल कुठं वापरात दिसत नाही, काढू का? असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचा हक्क फक्त तिचा. पण तिचं तेवढंच एक काम हलकं होईल, म्हणून त्यानं 'हो' दाबलं.

पडदा काळा झाला.

तिनं येऊन मशीन पुन्हा सुरू केलं. ते सुरू होता होता बंद पडलं. परत तेच. सकाळचे आपलेच बदल नडले, असं धरून ती ते एकेक करून खोडू लागली. 'हो' कुणी दाबलं याची नोंद मेमरीत होती, ती मशीनबरोबर गेली. तो गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं… तीन वाजले. ती अजून खोडतच होती.

"थांबा," तो म्हणाला. "तुमचं काही चुकलेलं नाही. मी एक फाइल काढू दिली."

ती त्याच्याकडं वळली. "तासभर मी माझंच लिहिलेलं खोडतेय — आणि तुम्ही शेजारी बसून बघताय?"

त्यानं फाइलचं नाव सांगितलं. नेमकी तीच फाइल मदतनिसाला मेमरी पुरवत होती; मदतनिसानं आपण बसलेल्या फांदीवरच घाव घातला होता. कालच्या प्रतीतून तिनं ती परत आणली, खोडलेलं पुन्हा लिहिलं. चाराला पाच मिनिटं असताना पडद्यावर पहिली ओळ उमटली.

साहेबांसमोर मदतनिसानं एक चूक शोधली, दुरुस्त केली, आणि मशीन चालत राहिलं. सहा महिने वाढवून मिळाले. मग कुणी न विचारता शंकासुरानं दुपारचं सगळं सांगून टाकलं. साहेब शांतपणे म्हणाले, उद्यापासून इथली तपासणी दुसरं कुणीतरी करेल.

तो दारापर्यंत पोचला तेव्हा ती मागून आली.

"मी अजून रागावलेय."

"दिसतंय."

"ज्याच्या सहीवर माझं काम पास होणार, त्याच्याबरोबर मी जेवायला येणार तरी कशी होते?" ती म्हणाली. "आता ती सही तुमची नाही."

त्याला आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि कान तापले.

"म्हणजे… येणार?"

"उद्या. पण तासभर गप्प बसायचं नाही. जमेल?"

"जमेल," तो म्हणाला. "तीन आठवड्यांचं साठलंय."